मे महिना, एक कुलर आणि घरातला मार

नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या घरातलं अख्खं कुटुंब एका कुलरसमोर येतं. बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला बाप त्याच खोलीत दिवसा झोपतो. शाळेला सुट्ट्या, बाहेर ऊन, म्हणजे पोट्टेही घरातच. चार वर्षांच्या पोरानं दुपारभर आवाज न करता बसायचं. ते बसत नाही. मग मार.

प्रकरण पेपरात आलं की आपण "बाप आहे की राक्षस!" म्हणून मोकळे होतो. कारण मात्र बहुतेक वेळा माराच्या आधीच्या तासाभरात सापडतं: अपुरी झोप, दारू, थकलेलं कर्ज, सोबतीला कुणी नाही, आणि मुलाच्या वयाला न झेपणारी अपेक्षा.

हे शेवटचं फार कमी बोललं जातं. तान्ह्याचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, पुढे आपोआप उतरतं. आईबापांना हे कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं, मुद्दाम रडतंय. अशा वेळी बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हात शिवशिवायला लागले तर बाळाला सुरक्षित जागी उताणं निजवून पाच-दहा मिनिटं बाहेर जावं. रडून बाळ मरत नाही. तसंच अंथरूण ओलं होण्याचं. पाचव्या वर्षी शंभरातली पंधराएक मुलं झोपेत लघवी करतात. झोपेत घडणारी गोष्ट सकाळच्या मारानं कशी थांबेल?

"आम्ही मार खाल्ला म्हणून वळणावर आलो" हेही एक कारणच. पण मार खाल्लेले बहुतेक लोक पुढे मुलांना छळत नाहीत, तेव्हा ते निमित्त म्हणून चालणार नाही.

लैंगिक अत्याचाराला मात्र हा हिशेब लावू नका. तिथे ना ऊन, ना संताप. तिथे लागतो एकांत, आणि पोराचं कुणी ऐकणार नाही ही खात्री. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) नोंदींत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. असा माणूस आधी आईबापांचा विश्वास कमावतो. "काकांना पापी दे" म्हणून आपण रडत्या मुलीला पुढे ढकलतो, तेव्हा तिच्या 'नाही'ला किंमत नाही हे आपणच शिकवतो.

शाळेतल्या मारावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. घरासाठी तशी थेट बंदी नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली क्रूर वागणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गुडघ्या-नडगीवरचे काळेनिळे डाग खेळण्याचे. चार वर्षांखालच्या पोराच्या कानावर, मानेवर, पोटा-पाठीवर असे डाग दिसले, किंवा अजून पालथंही न पडणाऱ्या बाळावर कुठेही दिसले, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास, फुकट. लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. मूल बोललं तर त्याचेच शब्द लिहून ठेवा, खोदून खोदून विचारू नका.

आणि दारात जाऊन बापाला झापू नका बाप्पा. "बाहेर सांगतोस का?" म्हणून रात्री पोराला दुप्पट पडतात. मार अजून सुरू व्हायचा असेल, नुसती चिडचिड ऐकू येत असेल, तर एवढंच म्हणा: "वहिनी, दुपारी दोन तास पोट्ट्याले आमच्याकडे पाठवा." आपलं दार मात्र सताड उघडं ठेवा; एकांताचं जे वर लिहिलं, ते शेजाऱ्यांनाही लागू आहे.