सही केली म्हणजे हक्क संपले?

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा एक मेसेज आला: ‘भरतीच्या फॉर्मवर सही केली की रुग्णाचे हक्क संपतात. फाइल रुग्णालयाची, औषधं तिथूनच घ्यायची आणि बिल चुकवल्याशिवाय सुट्टी नाही, असा कायदाच आहे.’ काकांनी तो पोह्यांची बशी हातात धरून मोठ्यानं वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या!

आधी सहीचं. संमती ठरावीक उपचारापुरती असते. समीरा कोहली या रुग्णाचं उदाहरण घ्या. त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला होकार दिला होता. त्या भुलेत असताना आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीनं दिलेली अशी संमती ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये ठरवलं. म्हणजे रात्री अकराला काउंटरवर ‘घरचं कुणीही सही करा’ म्हणतात, तेव्हा रुग्ण शुद्धीवर असेल तर कागद आधी त्याच्याकडे न्यायचा.

फाइलचं आम्ही स्वतः भोगलंय. मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खिडकीतून उत्तर आलं, ‘फाइल बाहर नहीं जाती.’ बरोबर, मूळ फाइल जात नाही; प्रत मात्र मिळते. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. आम्ही दोन ओळींचा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्क्यासाठी तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला. पानामागे पैसे मोजले, ते रास्तच.

औषधं कुठल्याही दुकानातून आणता येतात. मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्क सनदेत तसं आहे. सनद म्हणजे कायदा नव्हे, हेही खरं. पण मेसेजातला ‘कायदा’ तर कुठेच नाही.

बिलाचं अर्धं खरं आहे. पैसे द्यावेच लागतात, आणि थकले तर रुग्णालय वसुलीचा दावा लावू शकतं. पण पैशांसाठी रुग्ण किंवा मृतदेह अडवून ठेवू नये, असं सनद सांगते. अडवलंच तर गार्डशी हुज्जत घालण्यात रात्र घालवू नका. तिथूनच 181 वर, मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि सकाळी सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी द्या.

काका अजून मेसेजच्याच बाजूनं आहेत. मावशीचा शिक्का मारलेला अर्ज मी ग्रुपवर टाकलाय.