माझ्या संगणकातला थापाड्या

माझ्या संगणकात दिवसभरात जेवढं खोटं बोललं जातं, तेवढं मी उभ्या आयुष्यात बोललो नसेन. आणि बोलणारा कुणी व्हायरस नव्हे, खुद्द ऑपरेटिंग सिस्टीम. ती कोणत्या कंपनीची, हे मी सांगणार नाही. मला उद्याही त्याच संगणकावर काम करायचंय.

वरवर पाहता कारभार मोठा शिस्तीचा वाटतो. लिहायचं अ‍ॅप, हिशेबाचं अ‍ॅप, ब्राउझर ही मंडळी वर, यंत्राचे भाग खाली आणि मध्ये ऑपरेटिंग सिस्टीम. डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर यांना कुणीही परस्पर हात लावायचा नाही. साधी फाइल उघडायची तरी अर्ज करायचा. त्या अर्जाला सिस्टीम कॉल म्हणतात. अर्ज आला की प्रोसेसर कर्नल मोडमध्ये, म्हणजे सर्वाधिकाराच्या अवस्थेत जातो, कर्नल (सिस्टीमचा गाभा) फाइल उघडतो आणि अ‍ॅपच्या हातावर फाइल नाही, नुसता एक क्रमांक टेकवतो. वाचायचं असेल तर तोच क्रमांक दाखवून पुन्हा अर्ज. सेकंदाला असे हजारो अर्ज निकालात निघतात, हे कळल्यावर मला त्या अ‍ॅपचा हेवाच वाटला.

पण खाली सगळा थापांचा पाया आहे. सर्वांत मोठी थाप मेमरीची. सिस्टीम प्रत्येक अ‍ॅपला बाजूला घेऊन सांगते, ‘ही अख्खी जागा तुझीच बरं का.’ 32 बिटच्या जमान्यात संगणकात मेमरी असायची 512 एमबी आणि प्रत्येक प्रोग्रामला पत्ते दिले जायचे 4 जीबीचे! एकच खोली दहा जणांना भाड्याने देणारा घरमालक जे करील तेच सिस्टीम करते. एक भाडेकरू झोपला की त्याचं सामान माळ्यावर टाकायचं, तो जागा झाला की त्याचं खाली आणि दुसऱ्याचं वर. माळा म्हणजे डिस्क, आणि ती मेमरीपेक्षा कितीतरी मंद. म्हणून सकाळपासून न शिवलेल्या अ‍ॅपवर क्लिक केलं की ते आधी डोळे चोळत बसतं. ही थाप आजकालची नाही. मँचेस्टर विद्यापीठाचा अ‍ॅटलस संगणक 1962 सालापासून ती मारत होता, तीही फिरत्या चुंबकीय ड्रमच्या जोरावर.

दुसरी थाप वेळेची. प्रोसेसर आपल्या एकट्याच्या सेवेत आहे अशी प्रत्येक अ‍ॅपची समजूत असते. प्रत्यक्षात सिस्टीम त्याला काही मिलिसेकंद देते, मग मानगूट धरून उठवते आणि दुसऱ्याला बसवते. उठवलेल्याला आपण उठलो होतो हेही कळत नाही.

कुणी म्हणेल, खरं सांगून का चालत नाही? तोही प्रयोग झालाय. विंडोज 3.1 मध्ये आणि मॅकच्या जुन्या सिस्टीममध्ये सगळा मामला विश्वासावर होता. प्रत्येक प्रोग्रामनं आपलं थोडं काम करायचं आणि आपणहून जागा सोडायची. एखादा प्रोग्राम अडकला, किंवा नुसताच स्वार्थी निघाला, की सगळा संगणक ठप्प. थापा मारणारी व्यवस्था आली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

काही थापा तर निव्वळ माणुसकीपोटी मारल्या गेल्यात. विंडोज 7 ला एखाद्या प्रोग्रामनं विचारलं, ‘आपण कितवे?’ तर उत्तर मिळायचं 6.1. कारण त्याआधीच्या विंडोज व्हिस्टानं 6.0 सांगितल्यावर पुष्कळ जुने प्रोग्राम बिथरले होते. निदान पहिला आकडा ओळखीचा दिसला तर गप्प बसतील, हा हिशेब. विंडोज 11 आजही आतून स्वतःला 10 म्हणवते. (वय चोरण्याचं इतकं सज्जन कारण मी दुसरं ऐकलेलं नाही.) सिमसिटी या खेळाचा किस्सा तर याहून वरताण. हा खेळ मेमरी परत करायचा आणि लगेच तीच वापरायचाही. जुन्या व्यवस्थेत ते खपून जायचं, विंडोज 95 च्या चाचण्यांत मात्र खेळ कोसळायला लागला. मग विंडोजच्या लोकांनी काय करावं? खेळाच्या कर्त्यांना खडसावावं? छे! सिमसिटी चालू आहे का ते विंडोजनंच पाहायचं आणि चालू असेल तर त्यानं परत केलेली मेमरी लगेच काढून घ्यायची नाही, अशी सोय त्यांनी करून टाकली.

हे सगळं वाचताना मी खूप हसलो. फसवले जाणारे प्रोग्राम होते ना! मग हळूहळू लक्षात आलं की त्या रांगेत मीही उभा आहे.

मी ‘सेव्ह’ दाबतो, अ‍ॅप म्हणतं ‘झालं’. झालेलं काही नसतं. अ‍ॅपनं मजकूर सिस्टीमकडे दिला, सिस्टीमनं तो मेमरीत ठेवला आणि सवडीनं डिस्कवर लिहू म्हणून ‘झालं’ असं कळवलं. पेनड्राइव्ह काढण्याआधी सिस्टीमची परवानगी घ्यायची, ती एवढ्याचसाठी. ती परवानगी मागावी, तर उत्तर येतं, ‘हे उपकरण वापरात आहे.’ कोण वापरतंय? नाव नाही. उघड्या फाइलींचे क्रमांक तूच वाटलेस की गं! मी एकेक खिडकी बंद करतो. शेवटी पडद्यावर मी आणि पेनड्राइव्ह दोघेच उरतो, तरी तो वापरातच.

छपाईचंही तेच. अ‍ॅप म्हणतं, ‘पान छापायला पाठवलं.’ पाठवलेलं असतं स्पूल नावाच्या रांगेत. तिथून ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारा दुभाषी प्रोग्राम), तिथून प्रिंटर, आणि प्रिंटर बंद. मी काम रद्द करतो. रांगेत त्यापुढे ‘हटवत आहे’ असं उमटतं आणि तसंच राहतं. अ‍ॅपवाले म्हणतात ड्रायव्हर पाहा, ड्रायव्हरवाले म्हणतात सिस्टीम पाहा, आणि सिस्टीम सांगते, समस्या आढळली नाही.

मात्र माझा खरा अपमान झाला तो अडकलेल्या खिडकीचं गुपित कळल्यावर. विंडोजमध्ये एखाद्या अ‍ॅपनं 5 सेकंद उत्तर दिलं नाही, की सिस्टीम त्याची खिडकी गुपचूप लपवते आणि तिच्या जागी तिचं फिकट चित्र लावते. विंडोजचे लोक त्याला चक्क ‘घोस्ट’ म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या खिडकीवर टिचक्या मारल्या, जिला विनवण्या केल्या, क्वचित जिचा उद्धारही केला, ते भूत होतं! ज्याला ऐकवायचं तो मागे कुठेतरी स्वतःच्या तंद्रीत.

यावर मी संगणक बंद करायचं ठरवलं. पण तिथेही अ‍ॅप मंडळींचा आधी विचार. सिस्टीम प्रत्येकाला विचारते, ‘निघू या का?’ काही निघतात, एखादं अडून बसतं. ‘हे अ‍ॅप संगणक बंद होऊ देत नाही’ अशी पाटी येते. त्या दिवशी पाटीवर अ‍ॅपच्या नावाची जागा कोरी होती. माझ्याच संगणकात मला न सांगता राहणारं, नाव नसलेलं कुणीतरी मला अडवत होतं. मी ‘तरीही बंद करा’ दाबलं.

पडदा निळा झाला. ‘अपडेट होत आहे, बंद करू नका.’ 30 टक्के. बराच वेळ 30 टक्के. मग एकदम 100. पडदा काळा झाला, पंख्याचा आवाज थांबला. मी खुर्ची मागे सरकवली.

आणि संगणक सुरू झाला. ‘स्वागत आहे,’ म्हणाला.