सावलीचा रंग आधी ठरलेला नसतो

डिजिटल पात्रचित्र शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘सावलीत काळा किंवा राखाडी कधीच वापरू नका. सपाट रंग भरून झाले की वर मल्टिप्लाय लेयर (खालचे रंग गडद करणारा थर) घ्या आणि त्यावर जांभळ्याने सावल्या रंगवा. प्रकाश उबदार (पिवळा-नारिंगी), तर सावली थंड (निळसर). शेवटी एअरब्रशने (मऊ कडेच्या ब्रशने) सगळ्या कडा मऊ करा.’ शिकताना मीही बरेच दिवस हेच करत होते. माझी सगळी पात्रं एकाच जांभळ्या संध्याकाळी उभी असल्यासारखी दिसायची.

आधी काळ्याबद्दल. त्वचेवर अर्धपारदर्शक काळा फिरवला की चेहरा राखेसारखा होतो, ही तक्रार खरी आहे. पण तसं होण्याचं कारण वेगळं आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. असा काळा हे तिन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली आणतो. मल्टिप्लायवरचा राखाडीही नेमकं हेच करतो. मूळ रंग मंदावतो, पण सावलीत दुसरीकडून येणारा प्रकाश कुठेच दिसत नाही. आकाशाचा नाही, जमिनीचा नाही, शेजारच्या कपड्याचाही नाही. चेहरा मरतो तो त्या प्रकाशाच्या अभावाने.

राखाडी थंड रंगाचं काम करू शकतो, हे तर जुन्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. स्वीडनचे अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट पांढरा, पिवळा ऑकर (मातकट पिवळा), लाल आणि काळा एवढ्या चारच रंगांचं आहे. त्यात निळा नाही. काळ्या-पांढऱ्यातून आलेला राखाडी उबदार त्वचेशेजारी ठेवला की डोळ्याला तो निळसर भासतो. शेजारचा रंग डोळ्याला असा फसवतो, हे शेवरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. तो रंगाईचं काम पाहायचा त्या गोबलँच्या विणकाम कारखान्यात काळ्या धाग्याला जोर नाही अशी तक्रार होती. रंग पक्का होता, खोट शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे दिसत होती. एखाद्या चित्रातली ‘निळी’ सावली आयड्रॉपरने (चित्रातला रंग टिपणाऱ्या साधनाने) उचलून पाहा. कितीदा तरी हाती साधा राखाडी लागतो.

आता मल्टिप्लाय. हा मोड दोन रंगांचे आकडे गुणतो आणि २५५ ने भागतो, एवढंच. समजा लेयरवरचा जांभळा १५०, १२०, १९० आहे. तो पांढऱ्या सदऱ्यावर जसाच्या तसा जांभळा उतरतो. पिवळ्या स्कार्फवर (२४०, २००, ६०) तोच रंग १४१, ९४, ४५ होतो, म्हणजे चक्क तपकिरी. काळ्या केसांवर काहीच दिसत नाही. एका लेयरने सगळीकडे ‘एकच प्रकाश’ येतो हा समज इथे कोसळतो, कारण पांढऱ्यावरचा जांभळा जास्तच वाटतो आणि पिवळ्यावर तो उरतच नाही. मोड वाईट नाही, मी रोज वापरते. पण त्यानंतर प्रत्येक पृष्ठभागाची सावली हाताने दुरुस्त करावी लागते, हे सल्ल्यात कोणी सांगत नाही.

गडद त्वचेचं पात्र असेल तर या कृतीने जास्तच नुकसान होतं, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. ९०, ५६, ४० या रंगावर तोच जांभळा गुणला की ५३, २६, ३० उरतात. गाल, कपाळ, जबडा सगळं एका काळपट लाल डागात बुडतं. त्वचेच्या पृष्ठभागावरून परतणारी चमक रंगद्रव्यावर फारशी अवलंबून नसते, म्हणून गडद त्वचेवर ती जास्त उठून दिसते आणि तिच्यात प्रकाशाचा रंग स्पष्ट वाचता येतो. उघड्या आकाशाखाली कपाळावर निळसर चमक येते, दिव्यापाशी गालाच्या हाडावर नारिंगी. तिथे घडण सावलीपेक्षा हायलाइटने जास्त सांगितली जाते. फिकट त्वचेवर बसवलेला नियम सर्वांसाठी म्हणून वाटणं हा अन्याय आहे.

‘उबदार प्रकाश, थंड सावली’ हे निरभ्र दिवसाचं वर्णन आहे: ऊन पिवळसर, आणि सावलीत पोचतो तो निळ्या आकाशाचा उजेड. खिडकीतून फक्त आकाशाचा प्रकाश येत असेल आणि खोलीत पिवळा दिवा असेल, तर नेमकं उलटं होतं. अंधाऱ्या खोलीत एकच मेणबत्ती असेल तर सावलीत येतो तो तिचाच भिंतीवरून परतलेला उजेड; थंडावा येणार कुठून? गुलाबी आणि निळ्या अशा दोन दिव्यांत एकाची सावली दुसरा भरतो.

राहिला एअरब्रश. गालाच्या वळणावर तो शोभतो, कारण तिथे पृष्ठभागच हळूहळू प्रकाशापासून वळतो. पडछायेचं, म्हणजे एका गोष्टीची दुसरीवर पडणाऱ्या सावलीचं, गणित वेगळं. सूर्याची तबकडी आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे दोन सेंटीमीटरवरून पडलेल्या सावलीची धूसर कड पाव मिलिमीटरही भरत नाही. भर उन्हात नाकाखालच्या सावलीला मी कडक ब्रशच घेते, आणि प्रकाश त्वचेत शिरून पसरतो म्हणून कडेलगत बारीकसा लालसर पट्टा ठेवते.