ओटा नेमका कुणाच्या मापाचा?

ओट्याची उंची विचारली की किचन करणारा मिस्त्री म्हणतो, "स्टँडर्ड 32 इंच ताई, सगळीकडे तेवढाच करतो." अहो, सगळीकडे एकच बाई स्वयंपाक करते का? कोपर दुमडा, जमिनीपासून तिथवर मोजा, 4 ते 6 इंच वजा करा. झाली ओट्याची उंची! कमरेला टेप लटकवून फिरणाऱ्यांना एवढंही जमू नये? शेगडीची उंची तर कुणी धरतच नाही. मोठं पातेलं चढवलं की आत डोकवायला पाट घ्यायचा?

आणि डिशवॉशर! त्याला ओट्याखाली साधारण 82 ते 85 सेंटिमीटर मोकळी उंची लागते. तुमचे 32 इंच म्हणजे 81, त्यातून ग्रॅनाइटची जाडी गेली. मशीनला काय गुडघ्यावर बसवू? शिवाय प्लग पॉइंट बरोब्बर मशीनच्या पाठीमागे, म्हणजे ते कायम पुढे आलेलं. शेजारच्या कपाटात द्या म्हटलं, तर "आता टाइल्स लागल्या ना!"

मायक्रोवेव्ह डोक्याच्या वर. उकळती डाळ उतरवताना थेट अभिषेकच! फ्रिज बिजागरीच्या बाजूने भिंतीला चिकटलेला. दार 90 अंशांवर अडतं, भाजीचा ड्रॉवर बाहेरच येत नाही. कोथिंबीर काय चिमट्याने काढू?