अर्थिंगची पिन काढू नका : मंचावरील एलईडी दिव्यांविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

गणेशोत्सवातील गाण्याच्या कार्यक्रमासाठी मंचावर एलईडी दिवे स्वस्तात कसे जोडावेत, हे सांगणारा एक संदेश इंदूरच्या मराठी मंडळांमध्ये फिरतो आहे. परवा तो माझ्या धाकट्या भावाने मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, या वर्षी आपल्याकडेही असेच करू.’ त्याची मुलगी त्याच मंचावर अनवाणी गाणार आहे. संदेशाचे म्हणणे असे, की एलईडी 12 व्होल्टवर चालते म्हणून शॉक बसत नाही. वीज कमी लागते म्हणून कोणतीही वायर चालते. ती तापत नाही. साउंडमध्ये भुणभुण आली तर दिव्यांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढावी. आणि घरचाच कार्यक्रम असल्याने कोणाला कळवावे लागत नाही.

यातला पिन काढण्याचा सल्ला जीवघेणा आहे. पिन काढल्यावर भुणभुण पुष्कळदा थांबते, हे मला नाकारता येत नाही, आणि त्यामुळेच हा सल्ला लोकांना पटतो. एलईडीच्या ड्रायव्हरमधील, म्हणजे भिंतीतली वीज दिव्याला हव्या त्या व्होल्टमध्ये बदलणाऱ्या डब्यातील, फिल्टर आपला विद्युत गोंगाट अर्थिंगच्या तारेत सोडतो, आणि साउंडही त्याच लांब एक्स्टेन्शनवर असेल तर तो स्पीकरमधून ऐकू येतो. पण त्यावर उपाय पिन काढणे हा नाही. दिव्यांसाठी आणि साउंडसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर आणावी, दोन्हींची अर्थिंग एकाच ठिकाणी मिळावी, आणि माइकची केबल दिव्यांच्या वायरला समांतर न नेता, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

पार दिव्याचे, म्हणजे मंचावर झोत टाकणाऱ्या दिव्याचे, अंग बहुधा धातूचे असते आणि त्याच्या आत 230 व्होल्ट येतात. आतली फेजची तार सुटून अंगाला लागली, तर प्रवाह अर्थिंगमधून जातो आणि एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (प्रवाह गळू लागला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होते, म्हणजे वीज तोडते. पिन नसेल तर काहीच ट्रिप होत नाही. दिवा नेहमीसारखा पेटत राहतो आणि ज्या लोखंडी चौकटीवर तो टांगला आहे, ती संपूर्ण चौकट 230 व्होल्टवर येऊ शकते. गाणाऱ्याच्या हातातील माइकची जाळी मात्र केबलच्या धातूच्या आवरणातून आणि साउंडच्या मिक्सरमधून अर्थ झालेली असते. एक हात माइकवर असताना दुसरा चौकटीला लागला, की प्रवाह थेट छातीतून जातो. सुमारे 10 मिलीअँपिअरला हाताची पकड सोडवता येत नाही आणि 30 च्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो, पण 16 अँपिअरच्या एमसीबीला यातले काहीही जाणवत नाही, कारण ती वायर वाचवण्यासाठी असते. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी अवश्य बसवावी. परंतु पिन शाबूत असेल तर ती दोष निर्माण होताच ट्रिप होते, आणि पिन काढलेली असेल तर माणसाचा हात लागल्यावर.

12 व्होल्टचा मुद्दा अर्धा खरा आहे. एलईडीची पट्टी 12 व्होल्टची असू शकते, पण पार नसतो, आणि मीटरच्या मापाने विकत मिळणारी जी झालर छोट्या प्लगने सरळ भिंतीत लावतात, तिच्यात 230 व्होल्टच खेळतात. शिवाय कमी व्होल्टला बारीक वायर चालते, ही समजूत नेमकी उलटी आहे. पाच मीटरची नेहमीची पट्टी 72 वॅटची धरली, तर 230 व्होल्टवर तिला अँपिअरचा एक तृतीयांशही पुरतो, पण 12 व्होल्टवर पूर्ण 6 अँपिअर लागतात. अशा पाच पट्ट्या एका वायरवर जोडल्या की 30 अँपिअर होतात. एकाच पट्टीसाठी 0.75 चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर नेली, तरी वाटेतच जवळजवळ 3 व्होल्ट गळतात आणि पट्टी मंद दिसते. पाच पट्ट्यांचा भार तिच्यावर टाकला तर तिचे आवरण वितळेल, आणि मुख्य बोर्डावरची एमसीबी शांत राहील. म्हणून ड्रायव्हर मंचाजवळ ठेवावा आणि त्याच्या 12 व्होल्टच्या बाजूला, प्रत्येक पट्टीसाठी वेगळा, योग्य क्षमतेचा फ्यूज लावावा.

एलईडीच्या झोतात उष्णता कमी असते, पण दिव्याची पाठ आणि ड्रायव्हर तापतात. त्यांना पडद्याला किंवा थर्मोकोलला चिकटवू नये.

कोणाला कळवावे लागत नाही, हे तर साफ चूक आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 54 नुसार, जिथे 100 किंवा अधिक माणसे सामान्यतः जमतात, अशा ठिकाणी 250 वॅट आणि 100 व्होल्टहून अधिक वीज वापरण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना किमान सात दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. दीडशे वॅटचे दोन पारच ही मर्यादा ओलांडतात. भावाच्या मंडळाचा कार्यक्रम दहा दिवसांवर आला आहे, म्हणजे सूचनेसाठी त्याच्या हातात तीन दिवस आहेत, आणि आज सकाळी मी त्याला मसुदा पाठवला आहे.