जुनी टेप ओव्हनमध्ये भाजण्याबद्दल खुलासा

एक मेसेज फिरतोय, की कुठलीही जुनी स्पूल टेप चिकट झाली तर घरच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवा, कायमची बरी होते. कृपया असं करू नका, यात अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात रेकॉर्डिंग कायमचं जाऊ शकतं.

टेप गरम करतात हे खरं, पण ते साधारण ५४ अंश सेल्सिअसला, पाव इंच रुंद टेपला आठेक तास, आणि तापमान हलणार नाही अशा यंत्रात. घरच्या ओव्हनचा काटा एवढ्या खाली स्थिर राहत नाही, गॅसच्या ओव्हनमध्ये तर उलट ओलावाच वाढतो. आणि हा उपाय फक्त ज्यांचा बाइंडर (चुंबकीय पावडर टेपला धरून ठेवणारा चिकट थर) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो त्या टेपसाठी, म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या बऱ्याच पॉलिएस्टर टेप, अँपेक्स ४५६ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. मी स्वतः अशी एक रील न भाजता तशीच लावली होती, दोन मिनिटांत कुईं आवाज आणि हेडवर (यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिखल.

त्याआधीच्या अॅसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या टेपला मात्र उष्णता अजिबात दाखवू नका, ती वाकते, ठिसूळ होते. ओळखायला रील उजेडासमोर धरा, गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर बहुतेक अॅसिटेट.

बरं, भाजलेली टेपही काही आठवडेच नीट चालते, म्हणून लगेच डिजिटल कॉपी करून घ्या. तो मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हे टाका.