मधमाश्या कोणत्या विभागात?

आमच्या वाचनालयानं कात टाकली. म्हणजे नव्या कार्यकारिणीनं टाकायला लावली. कपाटांवरचे विषयवार दशांश आकडे गेले आणि पुस्तकांच्या दुकानात असतात तशा पाट्या लागल्या: ‘मन आणि मी’, ‘चवीचवीनं’, ‘थरार’, ‘माती-पाणी’, ‘यशाची वाट’. कोपऱ्यात बीन बॅगही आली. आमच्या सभासदांची वयं पाहता तिच्यात बसलेल्याला उठवायला दोघं लागतात.

मला हवं होतं मधमाशीपालनावरचं पुस्तक. पूर्वी ६३८.१ म्हटलं की काम झालं. आता ‘माती-पाणी’त गेलो, तर सगळी गच्चीवरची बाग. जोडधंदा म्हणून ‘यशाची वाट’ धरली, तिथं पहाटे उठण्याचे फायदे. ‘चवीचवीनं’मध्ये मध होता, माशी नव्हती. शेवटी ‘थरार’ही चाळला; म्हटलं, चावतात ना.

‘‘काका, तुम्ही जरा ब्राउझ करा ना,’’ नव्या मॅडम म्हणाल्या.

‘‘अहो, मला पुस्तक हवंय.’’

‘‘ब्राउझ करताना दुसरंही छान काही सापडतं!’’

दुसरं सापडतं, यात वादच नाही. फक्त हवं ते सापडत नाही.

ही टूम अमेरिकेतली. अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावच्या एका वाचनालय-शाखेनं २००७ साली ड्युईला, म्हणजे या दशांश आकड्यांची पद्धत काढणाऱ्या साहेबाला, रजा दिली आणि दुकानासारखी मांडणी केली. तसा मला ड्युईसाहेबांचा पुळका नाही. १८७६ साली त्यांनी ज्ञानाचे दहा भाग पाडले, त्यात धर्माच्या शंभर आकड्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्माला देऊन बाकी जगाला २९० च्या खोलीत दाटीवाटीनं बसवलं. मराठी साहित्य ८९१.४६, म्हणजे ओवीपासून चारोळीपर्यंत सगळे दशांश चिन्हाच्या मागे उभे. पण उभे असायचे, ही खात्री होती.

आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन, त्यांना तर द्विबिंदू वर्गीकरणाची (विषयाचे तुकडे द्विबिंदूनं जोडून पुस्तकाचा क्रमांक बनवायचा) कल्पना लंडनच्या एका दुकानातच सुचली, सुटे भाग जोडायचा मेकॅनोचा खेळ पाहून. त्यांनी दुकानातून युक्ती उचलली, पाट्या नाही उचलल्या. वर ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा नियमच घालून दिला. दुकानदाराचा नियम नेमका उलटा: गिऱ्हाईक जितकं रेंगाळेल तितकं बिल फुगेल. वाचनालय मला काहीच विकणार नाही, वर्गणी तर आधीच भरलीये. मग मला फिरवून कुणाचं भलं होतं?

शिवाय दुकानात मुखपृष्ठ समोर ठेवतात, म्हणून इथंही ठेवली. आमची निम्मी पुस्तकं तपकिरी रेक्झिनच्या बांधणीतली. मुखपृष्ठ बाइंडरकडे गेलं ते गेलंच. नाव नि क्रमांक पाठीवर, पांढऱ्या शाईनं. ती समोरून मांडली की नुसतं रेक्झिन दिसतं. ‘थरार’च्या फळीवर असे तपकिरी चौकोन ओळीनं उभे होते. त्या विभागातलं खरं रहस्य तेच.

अखेर शिपाईमामांना विचारलं. त्यांनी ना कॉम्प्युटर पाहिला, ना पाट्या. जिन्याखाली वाकले, गठ्ठा सोडला आणि धूळ झटकून पुस्तक हातात दिलं.

‘‘हे इथं कसं?’’

‘‘आडवी-उभी मांडून जागाच उरली नाही. राहिली ती सगळी इथं, जुन्या नंबरानं लावलीत.’’ मग मॅडमकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, ‘‘परत करताना माझ्याच हातात द्या. तिकडं ठेवलंत तर गेलं.’’